अडचण नाही

"दवाखान्यापर्यंत पोचायला काही अडचण आली का?" संशोधनाच्या पाहणीसाठी दिवसभर ती दवाखान्यातल्या बाकांवर बसलेल्यांना हेच विचारत होती. जवळजवळ सगळे 'नाही' म्हणाले. संशोधनाचे प्रमुख सर फोनवर खूश झाले, "चला, म्हणजे पोचण्याचा प्रश्न मिटला!"

संध्याकाळी लिफ्ट नसलेले चार मजले चढून ती घरी आली. आत्या नेहमीसारखी खिडकीशी बसली होती, कधीपासून डॉक्टरांना दाखवायचा राहिलेला सुजलेला पाय स्टुलावर टाकून.

"दमलीस गं. काय निघालं मग तुमच्या संशोधनात?"

"दवाखान्यात पोचायला जवळजवळ कुणालाच अडचण नाही, आत्या."

"बरं झालं बाई. मग त्यातल्याच दोघांना उद्या वर पाठव, मला जिना उतरवायला."