यमुनेची परीक्षा

"हा काय घाट आहे? नुसता सिमेंटचा उतार!" असं म्हणत विश्वनाथराव चपला हातात घेऊन त्याच उतारावरून जपून खाली निघाले.

मागून येणाऱ्या कुमुदताईंना हसू आलं. वजिराबादच्या वरच्या अंगाला यमुनेत होड्या सोडायला हा उतार बांधलेला होता. कुणीही यावं, आपली होडी पाण्यात ढकलावी आणि वल्हवत निघावं. शेजारच्या उल्हासनं आज काका-काकूंसाठी आपली छोटी होडी आणली होती. उल्हास बँकेत होता, चाळिशीला आलेला, पण जन्मापासून दिल्लीतलाच.

नवराबायकोचं भांडण होतं ते गावावरून. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विश्वनाथरावांनी जाहीर केलं, आता सांगलीला जायचं, कायमचं. कारण एकच. माणसाला नदी लागते आणि दिल्लीला नदी नाही. यमुना? तो नाला! आजवर त्यांनी यमुना पाहिली होती ती फक्त पुलावरून, गाडीची काच वर करून. कुमुदताईंचं मात्र सगळं इथंच होतं. पहाडगंजच्या मराठी शाळेतली मुलं, मैत्रिणी, भिशी, हक्काचा भाजीवाला. सांगलीचं नाव निघालं की त्या विषय बदलायच्या. शेवटी त्यांनी अट घातली, "एकदा यमुनेत होडी वल्हवून या. परत आल्यावरही नाला म्हणालात, तर मी मुकाट्यानं सामान बांधीन."

"बिल्कुल!" विश्वनाथराव म्हणाले. परत येऊन काय म्हणायचं, ते त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पाण्यापर्यंत त्यांची कुरकुर चालूच होती. उतार निसरडा आहे. वास येतोय. कृष्णेचा कसा, तळ दिसतो तळ! समोर यमुना पार पलीकडच्या झाडांपर्यंत पसरली होती. तेही त्यांना पसंत पडलं नाही. इतकं रुंद कशाला हवं, असं काहीतरी ते पुटपुटले. हरल्यातच जमा आहोत, असं कुमुदताईंना वाटायला लागलं होतं.

"चलो काका, या. मी धरलीये," उल्हास गुडघाभर पाण्यातून म्हणाला.

विश्वनाथरावांनी चपला बाजूला ठेवल्या, पँट दुमडली आणि ते वाकले. बोटं पाण्यात बुडवून त्यांनी ती दोन्ही डोळ्यांना लावली. मग पाऊल पाण्यात टाकलं.

उल्हास बघतच राहिला. "काका, डोळ्यात काही गेलं का?"

"नाही रे," कुमुदताई वरून म्हणाल्या. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. "यांच्या गावी नदीत पाय टाकायच्या आधी तिची क्षमा मागतात."