दहापैकी सहा

"आजी, डोकं किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य."

"सहा," आजी म्हणाल्या आणि उशीची कड पुन्हा दातांत धरली.

सिस्टरनं तक्त्यावर सहा लिहिले. मेंदूभोवती रक्तस्राव होऊन आज चौथा दिवस. फुटलेली शीर डॉक्टरांनी बंद केली होती, पण डोक्यातले घण काही थांबले नव्हते. पडदे ओढलेले, तरी उजेड सोसत नव्हता. आणि इथला नियम साधा होता: सहापर्यंत गोळी, सातपासून इंजेक्शन.

"आई, नऊ म्हण ना गं!" लेक रडकुंडीला आली.

"वाढीव गुण मी उभ्या जन्मात कुणाला दिले नाहीत."

हे मात्र खरं. चौतीस वर्षं आजींनी शाळेत पेपर तपासले, पण हात इतका आखडता की दहापैकी साडेपाचाच्या वर कुणाची मजल गेली नाही. लेक शाळेत पहिली आली, त्या वर्षीही तिच्या निबंधाला घरी साडेचारच मिळाले होते.

डॉक्टर आले आणि थेट तक्त्यापाशी गेले. पेशंटपेक्षा त्यांची ओळख तक्त्याशीच जास्त. "छान! सहावर स्थिर आहेत."

"डॉक्टर, तिचे सहा म्हणजे जगाचे दहा!"

"ताई, आकडा त्यांनीच दिलाय. आम्ही आकड्यावर चालतो," डॉक्टर तोंडभर हसले.

लेकीचं पित्त खवळलं. "मग हाही आकडा ऐका! आई, माझ्या जन्माच्या वेळी कळा किती होत्या?"

"चार."

"आणि किती तास?"

"तीस."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तक्ता सोडून पेशंटकडे पाहिलं. अभ्र्याला दातांनी भोक पडलं होतं. ते खाकरले. त्यांनी इंजेक्शन लिहिलं आणि नियम मोडायला नको म्हणून सहा खोडून स्वतःच्या हातानं सात केले.

अर्ध्या तासानं आईच्या कपाळावरची आठी सैल झाली. लेक हात धरून बसली होती. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा हायसं वाटलं.

"भर दवाखान्यात केवढ्यानं ओरडलीस," आई म्हणाली.

"चुकलं, आई."

आईनं डोळे उघडले. पेपर तपासावा तसं लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सहा," ती म्हणाली.