पातळ की घट्ट

जुन्या मोटारहोममध्ये गिअर ऑइल पातळ घालायचं की घट्ट, एवढंच विचारायला ती गॅरेजात आली होती. गाडी तिला तिच्या सुतार दादानंच विकलेली. वर भाचीसाठी आत लालसर लाकडाचा पाळणाही ठोकून दिलेला. मिस्त्रीनं मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, डिफरन्शियलचा बोल्ट सोडताच सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटली आणि तेलाऐवजी काळा लगदा ओघळला. त्यानं चिमूटभर लगदा पेट्रोलमध्ये धुऊन तिच्या तळहातावर ठेवला. “ताई, लाकडाचा भुसा! झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला विकणारे कोंबतात. उतारावर चाकं जाम झाली असती, मग पातळ काय नि घट्ट काय!” भुसा लालसर होता. तेवढ्यात दादाचाच फोन आला. “घट्टच घाल हं, आवाज येणार नाही.” “दादा, पाळण्याचा भुसा कुठे टाकलास रे?” फोन कट झाला. तिनं हात खसाखसा पुसला आणि गाडीत चढून पाळण्यातून लेक उचलली.