पाठमोऱ्या घरांचं गाव

बकारामचा हात माऊसपाशी गेला आणि दुर्गेश्वरीचा जीव टांगणीला लागला. पण हात तिथूनच मागे फिरला, मांडीवर जाऊन बसला.

हुश्श! अजून आठ मिनिटं.

बोलायची सोय नव्हती. कॅमेरा सुरू होता. गेम बनवण्याच्या स्पर्धेची अटच तशी: नव्या माणसाने गेम एकट्याने पुरा करायचा, कोणी काही सुचवायचं नाही आणि त्याचा व्हिडिओ पाचच्या आत पाठवायचा. साडेचार वाजून गेले होते. नाही जमलं तर उद्यापासून राइस मिलच्या ऑफिसात येऊन बसायचं, असं तिच्या वडिलांनी, हीरालालजींनी, सकाळीच बजावलं होतं. दोन वर्षं पोरीचे लाड पुष्कळ झाले म्हणे.

गेम तिनेच बनवला होता. पडद्यावर एक अजब गाव. घरांना पाय, आणि सगळी घरं पाठमोरी उभी. विहिरीला पापण्या. डोक्याच्या जागी मडकं असलेली एक बाई. कशावरही क्लिक केलं की घरं घाबरून पळत सुटायची आणि खेळ खलास. नुसतं दहा मिनिटं थांबलं, तर गावच वळून पाहुण्याला आत बोलवायचं. परक्याच्या दारात कसं वागावं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण सांगून तर चालत नव्हतं!

भाऊ धनेंद्रने पहिल्याच मिनिटाला मडकं फोडलं. "क्लिक नाही करायचं तं माऊस कायले ठेवला?" वरून हे! तिरोड्याच्या मैत्रिणींनी विहिरीच्या पापण्या ओढून पाहिल्या. शिकलेसवरलेले सगळे नापास.

शेवटी तिला बकाराम आठवला. आधी तिच्या घरच्याच शेतावर मजूर, आता वीस वर्षं नागझिऱ्यात गाइड. गेटवर परवाने कम्प्युटरवरच काढायचा, म्हणजे माऊस काही नवा नव्हता. आणि जंगलात तासन्‌तास न हलता बसायची सवय. जमलं तर यालाच!

"याले आत कायले आणलं?" हीरालालजी पुटपुटले होते. आईने, दुलारीबाईने, मात्र खुर्चीवर जुनी चादर अंथरली आणि बकाराम त्या चादरीवर अंग चोरून बसला. "बसा काका. आता मी बोलणार नाही," एवढंच दुर्गेश्वरी म्हणाली होती.

पाच मिनिटं. चार.

बकारामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने झटकन नजर खाली घातली. डोळ्यांनी सुचवलं तरी बाद! तो पुन्हा पडद्याकडे बघू लागला. बोटं मांडीवर चुळबुळत होती. देवा, आता शेवटी येऊन घात नको.

दोन मिनिटं. एक. धनेंद्रसुद्धा येऊन मागे उभा राहिला.

आणि घरं वळली. एकेक करून सगळी. विहिरीने पापण्या उघडल्या. मडक्याची बाई दारात आली. "या, आत या," ती म्हणाली.

दुर्गेश्वरीने कॅमेरा बंद केला आणि तिला रडूच फुटलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"काका, जिंकलो आपण! सगळ्यांनी नुसतं टोचटोच टोचलं, आणि तुम्ही केवढा धीर धरला! जंगलानंच शिकवलं ना हे?"

बकाराम गोंधळून उठला आणि चादरीची घडी घालू लागला.

"धीर कायचा, बाई? तुम्ही कवा म्हणता त्याची वाट पाहून राहिलो होतो. या घरात न विचारता कशाले हात लावाची आमाले मुभा कवा होती?"