मिसेस पिकेन्स नापास

“वाचा, मिस्टर सायमन्स,” वकील ब्रॉनर म्हणाला.

हॉइट सायमन्सनं कागद डोळ्यांजवळ धरला. मग लांब धरला. बासष्ट सालचा मिसिसिपीतला उन्हाळा. कोर्टात पंखा गरगरत होता, तरी त्याची मान घामानं निथळत होती.

“वाचता येत असतं तर लाकडं कापत बसलो असतो काय मी?”

पुढच्या बाकांवरचे गोरे खदखदून हसले. मागच्या बाकांवरची काळी माणसं हसली नाहीत. खटला त्यांच्यातल्या मिसेस पिकेन्सनी भरला होता. मत द्यायचं तर आधी नाव नोंदवायची परीक्षा. राज्यघटनेतलं एक कलम हातात ठेवायचे, म्हणायचे, अर्थ लिही. परीक्षा कसली, चाळण होती ती. काळा दाणा तेवढा अडकायचा. मिसेस पिकेन्स तीनदा नापास. हा ठोंब्या पहिल्याच खेपेला पास. आणि दोघांना कलम एकच.

नोंदणी अधिकारी टॉली सकाळीच बायबलवर हात ठेवून सांगून गेला होता, “त्या बाईचं उत्तर मी नीट वाचलं. नुसती बडबड. सायमन्सचं मात्र चोख.”

आता मिसेस पिकेन्सच्या वकिलानं, ब्रॉनरनं, दोन्ही उत्तरं मोठ्यानं वाचली. आधी एक, मग दुसरं.

शब्दाला शब्द तेच.

हसणं जागच्या जागी मेलं. टॉलीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. न्यायाधीश पुढे वाकले.

“तुमचं उत्तर लिहिलं कुणी?”

“ओडेसानं,” सायमन्स म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. “टॉलीनं कागद घरी न्यायला दिला होता. तिनं पीठ कालवता कालवता लिहून टाकलं. आमची स्वयंपाकीण हो. माझी पत्रंबित्रं तीच लिहिते. लहानपणी न्हाऊमाखू घातलंय तिनं मला. घरातलीच म्हणा ना!”

“ओडेसा काय? आडनाव?”

जन्मभर जिच्या हातचं खाल्लं, तिचं आडनाव शोधत सायमन्स कोर्टभर बघत राहिला. मग मागच्या बाकावर त्याला ओळखीची हॅट दिसली.

“अगं ए ओडेसा! बरी सापडलीस. सांग बाई ह्यांना, तुझं आडनाव काय?”

मिसेस पिकेन्स उठून उभ्या राहिल्या.