दारातली बहीण

"चारच झाली," डोअरकीपर म्हणाला. "पाच तिकिटं गेल्याशिवाय शो लागत नाही. घरी जा आजी."

आजी जागची हलली नाही. मागच्या पोस्टरवर तिचंच तोंड होतं, पण बघतंय कोण? म्हातारी चित्रकार परदेशात एकटी राहते, असला पिक्चर. ना गाणी, ना मारामारी. पहिल्या दिवशी नऊ डोकी, मग सहा. आजी मात्र आठवडाभर रोज हजर.

"उद्या हा पिक्चर उतरवणार ना?" तिने विचारलं.

"हो. आणि काय हो, स्वतःलाच बघून कंटाळा नाही येत?"

"मला कोण बघतंय मेल्या! मी तर निम्मा वेळ डुलक्या काढते. शेवटी आमचं गावचं घर येतं. दारात बहीण उभी असते, पाठमोरी, रस्त्याकडे बघत. चाळीस वर्षं झाली रे तिला बघून."

"मग जायचं की गावाला! कुणी बांधून ठेवलंय का?"

आजी हातातलं तिकीट सरळ करत राहिली. त्यालाच कसंतरी झालं. तणतणत तो खिडकीशी गेला, पाचवं तिकीट स्वतःच घेतलं आणि आत तिच्या शेजारी जाऊन धपकन बसला.

पिक्चर गोगलगायीसारखा. ब्रश धुणं, जिना चढणं, चहा गार होणं. आजी खरंच घोरायला लागली. त्याने दोनदा घड्याळ बघितलं.

मग निळं दार आलं. ही जागी कशी झाली कुणास ठाऊक, पण तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

दारात एक बाई. डोक्याला रुमाल, एक हात चौकटीला. नुसती उभी. लांब रिकामा रस्ता.

घड्याळ बघायचं तो विसरून गेला. स्वतःवरच चिडून तो म्हणाला, "वळत का नाही ही? एकदा तोंड तरी दाखवायचं!"

"गप. बघू दे."

"पत्ता द्या मला. मी पत्र टाकतो. तिलाच इकडे बोलावू."

"ती कधीच गेली रे. घरही पडलं. हे दार स्टुडिओतलं आहे, मीच रंगवलं."

"मग ही कोण?"

"माझी वाट बघायला दारात कुणीतरी हवं ना," आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणून मीच उभी राहिले."