नळ सोडून

“मेसमध्ये वरण मिळतं का गं?” लॅपटॉपमध्ये तोंड घालून श्रीपादने विचारलं.

“मिळतं काका! सगळं मस्त आहे,” जर्मनीत शिकणारी शेजाऱ्यांची केतकी पडद्यावरून म्हणाली.

आत्या बाजूला बसून मनात हिशेब मांडत होती. हा व्हिडिओ कॉल तिने भाचीसाठी, श्रीपादच्या ऋतुजासाठी, जुळवला होता. पण सगळे प्रश्न भावाचे, भाचीचा एकही नाही. तिकडे अर्ज करायचा की नाही, हे ऋतुजाला आजच ठरवायचं होतं आणि प्रत्येक ‘मस्त’सरशी पोर हुडीची नाडी बोटाला आणखी घट्ट आवळत होती.

“श्रीपाद, चहा टाक.”

“आत्ता, ताई?”

“आत्ताच. आलं किसून.”

तो गेला.

“केतकीताई,” ऋतुजा पुटपुटली, “तिथे रडू येतं?”

पडद्यावरचं हसू मावळलं.

“पहिला महिना रोज. बाथरूममध्ये, नळ सोडून. माझ्या आईला सांगू नकोस हं.”

“आणि आता?”

“आता फक्त रविवारी माझं वरण करपलं की.”

ऋतुजा खुदकन हसली. नाडी सोडून तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “थांब, खूप विचारायचंय.”

“चहा झाला!” स्वयंपाकघरातून हाक आली.

“अजून उकळू दे!” आत्या ओरडली.